वाऱ्याला टिकेल अशी सावली

आईला सध्या ज्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्वचा उन्हाला हळवी होते. रक्तदाबावरच्या काही गोळ्या आणि काही प्रतिजैविकं यांचा हा माहीत असलेला परिणाम आहे. समुद्रावर जाऊ नका असं डॉक्टर म्हणाले नाहीत. उघड्या उन्हात बसू नका, एवढंच म्हणाले. पण आई समुद्रावर गेली की लवकर उठणाऱ्यांतली नाही. सकाळी खुर्ची मांडली की ऊन उतरेपर्यंत ती तिथंच. तेव्हा उचलून नेता येईल आणि वाळूवर दिवसभर उभी राहील अशी सावली शोधायचं काम मी अंगावर घेतलं.

आईची अट एकच होती. "मला समुद्र दिसला पाहिजे. तंबूत कोंडून बसायचं तर घर काय वाईट आहे?" ही अट साधी वाटते, पण पुढचे बहुतेक निर्णय तिनेच घ्यायला लावले.

काहीही विकत घेण्याआधी मी किनाऱ्यावर जाऊन नुसती बसले आणि लोकांच्या सावल्या बघत राहिले. हे प्रत्येकानं करावं असं मला मनापासून वाटतं. दुकानात सगळ्याच छत्र्या उभ्या राहतात. किनाऱ्यावरसुद्धा सकाळी सगळ्या उभ्या असतात. खरी निवड दुपारी होते. सूर्य वर चढला की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि समुद्रावरची थंड हवा तिची जागा घ्यायला आत शिरते. हे खारे वारे. सकाळी झुळूक असते ती दुपारपर्यंत चांगला वारा होते, आणि बहुतेक वेळा दिशाही बदलते. पहाटे जमिनीकडून येणारे मतलई वारे गृहीत धरून उभं केलेलं छत दुपारी उलट्या बाजूनं मार खातं. त्या दिवशी माझ्यासमोर एकेक छत्री कलत गेली. काहींनी ती मिटून खाली ठेवली. काही जण दांडा धरून बसले.

वाऱ्याचं गणित मी घरी येऊन कागदावर मांडलं. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की जोर चौपट. दोन मीटर व्यासाच्या छत्रीचं कापड साधारण तीन चौरस मीटर भरतं. ताशी १८ किलोमीटरचा वारा तिच्यावर समोरून आला तर जोर सुमारे ५ किलो वजनाइतका असतो. तोच वारा ३६ किलोमीटरवर गेला की जवळपास २० किलो. आणि हा जोर दांड्याच्या वरच्या टोकाला लागतो, वाळूतला भाग मात्र हातभरच असतो. वरचा लांब दांडा वाळूतल्या आखूड टोकाला तरफेसारखा उपटत राहतो. कोरडी वाळू त्याला काय धरून ठेवणार? तिच्या कणांना एकमेकांची पकड जवळजवळ नसतेच.

हे नुसत्या गैरसोयीपुरतं नाही. २०२२ साली अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनातल्या गार्डन सिटीच्या किनाऱ्यावर वाऱ्यानं उडालेली छत्री लागून एका बाईचा जीव गेला. त्यानंतर २०२४ मध्ये एएसटीएम या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं किनाऱ्यावरच्या छत्र्यांसाठी वेगळं मानक काढलं: छत्रीची पकड किमान ७५ पौंड, म्हणजे सुमारे ३४ किलोचा ओढा सहन करणारी असावी आणि ताशी ३० मैलांच्या, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरच्या वाऱ्यापर्यंत ती जागची हलू नये. हे आकडे वाचल्यावर मी बघण्याचा क्रमच बदलला. आधी पकड कशानं मिळते ते बघायचं, मग सांगाडा, आणि कापड सगळ्यात शेवटी. जाहिराती बरोबर उलट्या क्रमानं सांगतात.

आता प्रकार. मोठी छत्री उचलायला हलकी, लावायला सोपी, एका-दोघांना पुरते. ती घ्यायचीच तर स्क्रूसारखं वाळूत पिळत जाणारं टोक आणि वर हवा निघून जायला दुहेरी कापडाची झडप, या दोन गोष्टींशिवाय घेऊ नये. आपोआप उघडणारा छोटा तंबू लहान बाळासाठी चांगला. तिन्ही बाजूंनी बंद असल्यामुळे आकाशाकडून येणारा उजेडही अडतो. पण आत हवा कोंडते, आणि आईची अट तिथंच संपत होती. चार पायांचा मोठा मांडव ऐसपैस सावली देतो, पण वजनाला भारी, वाळूवरून ओढत न्यावा लागतो, आणि त्याचं सपाट-उंच छत वाऱ्याला आयतंच सापडतं. शिवाय काही किनाऱ्यांवर अशा मांडवांना मनाईच असते, कारण जीवरक्षकांची नजर अडते. निघण्याआधी ते विचारून घ्यावं.

मी घेतलं ते ताणाचं छत. लायक्रा मिसळलेलं चौकोनी ताणणारं कापड, चारी कोपऱ्यांना पट्टे, पट्ट्यांच्या टोकाला रिकाम्या पिशव्या आणि सोबत सुटे दांडे. पिशव्या किनाऱ्यावर जाऊन वाळूनं भरायच्या. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली: घरून निघताना पिशवी खांद्याला अडकवता येईल इतकी हलकी, आणि उभं करायला लागणारं वजन समुद्र देणार. साधारण १५ लिटरची पिशवी कोरड्या वाळूनं भरली तर २४ किलोच्या आसपास जाते. ओल्या वाळूनं आणखी जड.

कापडाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण इथं शब्द फसवे असतात. 'जलरोधक', 'उष्णतारोधक' यांचा उन्हाशी संबंध नाही. बघायचा तो यूपीएफ हा आकडा. यूपीएफ ५० म्हणजे अतिनील किरणांपैकी पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के आत येतो. यूपीएफ १५ असेल तर जवळपास ७ टक्के. पण ताणणाऱ्या कापडात एक मेख आहे. कापड ताणलं की विणीतली छिद्रं मोठी होतात आणि संरक्षण कमी होतं. म्हणून मी दुकानात कापडाचा कोपरा दोन्ही हातांनी ताणून खिडकीसमोर धरला. ताणल्यावरही पलीकडची खिडकी ठिपक्याठिपक्यांनी दिसत नसेल तर वीण घट्ट आहे. गडद रंगाचं कापड बहुधा किरण जास्त अडवतं, पण तापतंही जास्त. छत डोक्यापासून उंच असेल आणि खालून वारा वाहता असेल तर त्या तापण्याचा त्रास होत नाही. मी गडद निळं घेतलं. आतून चंदेरी लेप असलेली कापडं मी मुद्दाम टाळली, कारण घड्यांवर तो लेप सुटायला लागलेला मी इतरांच्या छत्र्यांवर पाहिला होता.

सांगाड्यासाठी ॲल्युमिनियमचे दांडे घेतले. खाऱ्या हवेत साधं पोलाद गंजतं आणि वर नुसता जस्ताचा मुलामा असलेले स्क्रूही काही काळानं लाल होतात. फायबरग्लास गंजत नाही, पण झिजला की त्याच्या बारीक कुसळ्या हातात जातात. भाचरं दांडे हाताळणार हे नक्की होतं, म्हणून तो नको.

किनाऱ्यावर नेण्याआधी दादाला घेऊन मोकळ्या मैदानात ते उभं करून पाहिलं. पिशव्यांत माती भरली. पुस्तिकेतलं चित्र होतं पुढचे दोन कोपरे उंच आणि मागचे दोन जमिनीलगत असं. दिसायला छान, पण वारा पुढून आला की ते पोतं होतं: हवा आत शिरते, मागे वाट नाही, मग ती छताला वर उचलते. दादा म्हणाला, "अगं, समोरासमोरचे दोन कोपरे वर घेऊन बघू." म्हणजे कर्णावरचे दोन कोपरे दांड्यांवर आणि उरलेले दोन खाली. तसं केल्यावर कापडाला एका दिशेनं वर आणि दुसऱ्या दिशेनं खाली असा बाक आला. हा आकार वाऱ्यात फडफडत नाही, कारण कापडाचा प्रत्येक भाग दोन्हीकडून ताणलेला राहतो, आणि एका उंच कोपऱ्याखालून आलेली हवा दुसऱ्या उंच कोपऱ्याखालून निघून जाते. हाताने कापडावर टिचकी मारली तर टणक लागलं. आईची अटही इथंच सुटली: एक उंच कोपरा समुद्राकडे, दुसरा जमिनीकडे, आणि कललेल्या दोन बाजू डावी-उजवीकडे.

त्याच मैदानात मी सावलीचा हिशेब केला, आणि मला वाटतं लोक सगळ्यात कमी विचार याचाच करतात. छताची सावली छताखाली पडते ती फक्त सूर्य डोक्यावर असताना. कापड दोन मीटर उंच असेल आणि सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल, तर सावली दोन मीटर बाजूला सरकलेली असते. ३० अंशांवर ती साडेतीन मीटर लांब जाते. म्हणजे दुपार कलल्यावर छत एकीकडे आणि सावली भलतीकडे, शेजाऱ्यांच्या चटईवर. सकाळी सावली पश्चिमेला पडते, दिवसभर सरकत संध्याकाळी पूर्वेला जाते. छत हलवणं जिकिरीचं, खुर्ची हलवणं सोपं. तेव्हा जागा निवडताना छताच्या पूर्वेला मोकळी वाळू सोडायची. छत उगाच उंच करायचं नाही, हेही यातूनच येतं: जितकं खाली, तितकी सावली जवळ आणि वाऱ्याचा जोरही कमी. आम्ही उंच कोपरे माणूस जेमतेम न वाकता जाईल एवढेच ठेवले.

प्रत्यक्ष दिवशी आम्ही लवकर पोहोचलो. पहिलं काम भरतीची रेघ बघायचं. मागच्या भरतीनं आणून टाकलेलं शेवाळ, काटक्या, शिंपल्यांचा चुरा यांची एक ओळ पुळणीवर असते. तिच्या बरंच वर बसायचं. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास असतात आणि भरती रोज पाऊण तासाहून अधिक उशिरानं येते, म्हणून कालचं पाहून आजची वेळ सांगता येते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी नेहमीपेक्षा वर येतं आणि आणखी मागे सरकावं लागतं. पण मागे म्हणजे वेलींनी धरलेल्या वाळूच्या उंचवट्यांवर नाही. ती मुळं किनारा राखतात. तिथं खणू नये.

मग वारा. ओंजळभर कोरडी वाळू उंचावरून सोडली की दिशा कळते. त्या वेळी वारा जमिनीकडून होता, पण मला दुपारचा वारा हवा होता, म्हणून छत समुद्राच्या हिशेबानं लावलं. समुद्र पश्चिमेला होता. उंच कोपऱ्यांची रेषा समुद्राकडून जमिनीकडे, आणि पूर्वेला, म्हणजे आमच्या मागे, भरपूर जागा.

पिशव्या भरायचं काम भाचरांनी केलं. पुळणीवरची वरची कोरडी वाळू बाजूला करून खालची ओलसर वाळू घ्यायला मी सांगितलं. ओल्या कणांमध्ये पाण्याचा पातळ पडदा असतो, तो त्यांना एकमेकांना धरून ठेवतो. म्हणून ओली वाळू जड तर असतेच, शिवाय शिवणीतून गळत नाही. पिशवी काठोकाठ भरून तोंड घट्ट बांधायचं. नंतर चारी कोपरे जमिनीवरच बाहेरच्या दिशेनं, कर्णरेषेत, ओढून घ्यायचे, कापड चांगलं ताणलं जाईपर्यंत. दांडे अजून हातात घ्यायचेही नाहीत. ताण आधी, उंची नंतर. उलट केलं तर दांडा उभा राहतो आणि कापड लोंबतं.

यानंतरची पायरी पुस्तिकेत नव्हती, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पिशव्या वाळूवर नुसत्या ठेवायच्या नाहीत, पुरायच्या. वाळूवर ठेवलेली २४ किलोची पिशवी आडव्या ओढीला स्वतःच्या वजनाइतकाही विरोध करत नाही, त्याच्या आधीच घसरायला लागते. तीच हात-दीड हात खोल खड्ड्यात ठेवून वर वाळू दाबली, की तिला ओढायचं म्हणजे तिच्या पुढची आणि वरची सगळी वाळू उचलायची. दादा खड्डे खणत होता, मी वर पाणी ओतून पायानं वाळू दाबत होते. पट्टा खड्ड्यातून तिरका बाहेर यायला हवा, जमिनीशी ४५ अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. पट्टा सरळ उभा आला तर वारा पिशवीला थेट वर ओढतो. प्रत्येक पट्ट्याला सरकती गाठ ठेवली, म्हणजे ओढून घट्ट करता येईल पण आपोआप सैल होणार नाही. दांड्यांच्या खाली एकेक चपटी फळी दिली, नाहीतर ताणानं दांडे वाळूत रुततात आणि तासाभरात छत ढिलं पडतं.

दांडे उभे केले, थोडे बाहेरच्या बाजूला कलते, आणि पट्टे पुन्हा एकदा ओढले. आईची खुर्ची समुद्राकडच्या कोपऱ्यापासून थोडी आत ठेवली. तिनं बसून दोन्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "डावीकडची होडी दिसत नाही." मी डावा खालचा कोपरा वीतभर वर घेतला. दिसली.

वारा अपेक्षेप्रमाणे फिरला. जमिनीकडचा मंदावला, मधे थोडा वेळ काहीच नव्हतं, मग समुद्राकडून आला आणि वाढत गेला. मी पट्ट्यांना हात लावून फिरत राहिले. ओढ बसल्यावर कापड आणि गाठी दोन्ही थोड्या सैलावतात. पहिल्या तासाभरात एकदा सगळे पट्टे पुन्हा ओढावे लागतातच. वारा आणखी वाढला तेव्हा आम्ही दोन्ही दांडे एकेक खाच खाली घेतले. लाटांच्या माथ्यावर सगळीकडे पांढरा फेस दिसायला लागला तर मी छत सरळ उतरवून ठेवते. ती वेळ त्या दिवशी आली नाही, पण ते आधीच ठरवून ठेवलेलं बरं, कारण ऐन वाऱ्यात घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं असतं.

आता सगळ्यात कळकळीचं. सावलीत बसलो म्हणजे ऊन लागत नाही, असं नाही. २०१७ साली अमेरिकेतल्या त्वचाविज्ञानाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात टेक्ससमधल्या एका तळ्याकाठी केलेला अभ्यास छापून आला. भर दुपारी साडेतीन तास काही जणांना फक्त छत्रीखाली बसवलं, काहींना फक्त एसपीएफ १०० चं सनस्क्रीन लावून. छत्रीवाल्यांपैकी ७८ टक्के लोकांची त्वचा भाजली. सनस्क्रीनवाल्यांपैकी २५ टक्क्यांची. म्हणजे एकट्या कशानंच पूर्ण भागलं नाही, आणि एकट्या छत्रीनं तर फारच कमी. याचं कारण असं की अतिनील किरण फक्त सूर्याकडून सरळ येत नाहीत. सगळं निळं आकाश ते विखरून पाठवत असतं. कोरडी वाळू त्यांतले सुमारे १५ टक्के परत फेकते, लाटांचा फेस २५ टक्के. सावलीत बसून आपल्याला जितकं मोकळं आकाश दिसतं, तितकं ऊन अंगावर येतंच.

म्हणूनच त्या दोन कललेल्या बाजू मला फार मोलाच्या वाटतात. त्या खूप आकाश झाकतात. आईच्या खुर्चीखाली आणि पुढे गडद सतरंजी पसरली, जेणेकरून वाळूवरून उसळणारा उजेड कमी व्हावा. लांब बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी, आणि उघड्या भागावर दर दोन तासांनी सनस्क्रीन. ते लावायची आठवण तिला नको असते, पण मी करतेच.

सूर्य समुद्राकडे कलला तसं उंच कोपऱ्याखालून ऊन आत यायला लागलं. आम्ही खुर्ची मागे, जमिनीकडे सरकवत गेलो. सोडलेली मोकळी जागा इथं कामाला आली. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर किरण तीव्र असतात. सावली आपल्याहून लांब झाली की त्यांचा जोर बराच उतरलेला असतो. भाचीला मी हे दाखवलं आणि ती दर थोड्या वेळानं उभी राहून स्वतःची सावली पावलांनी मोजत राहिली.

उतरवताना क्रम उलटा: आधी दांडे काढायचे, कापड खाली बसलं की मग पट्टे सोडायचे. वाऱ्यात आधी पट्टा सोडला तर कोपरा चाबकासारखा फिरतो. पिशव्या तिथंच रिकाम्या करून खड्डे बुजवले. उघडा खड्डा अंधारात चालणाऱ्या माणसाचा पाय मोडू शकतो, आणि जिथं कासवं अंडी घालायला येतात तिथं त्यांनाही अडकवतो.

घरी आल्यावर कापड आणि पट्टे गोड्या पाण्यानं धुतले. मीठ राहिलं तर ते हवेतलं पाणी ओढतं, कापड कायम दमट राहतं आणि काळे डाग धरतं. दांड्यांच्या सरकत्या जोडांमध्ये वाळूचे कण अडकतात. ते दांडे वेगळे करून पाण्यानं काढले, पुसून वाळवले. तेल लावलं नाही, कारण तेलाला पुढच्या वेळी वाळू चिकटते. कापड सावलीत पूर्ण वाळवून सैल गुंडाळलं. समुद्राकडच्या एका कोपऱ्याच्या शिवणीत दोन टाके उसवलेले दिसले, ते जाड नायलॉनच्या दोऱ्यानं त्याच आठवड्यात घालून घेतले, आणि पिशवीत एक जादा पट्टा आणि छोटं फावडं कायमचं ठेवून दिलं.